हे हळू कुणी केलं?

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग मी नऊ वर्षं केलं. धाराशिवच्या एका स्टुडिओत, जिन्यावरच्या खोलीत, दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर एवढ्या सामानात. मी लोहारा तालुक्यातली. वडील पाटबंधारे खात्यात शिपाई होते, आई अंगणवाडीत मदतनीस. बारावीनंतर लोहाऱ्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला, काही दिवस तहसीलसमोर टायपिंगची कामं केली, आणि स्टुडिओला माणूस पाहिजे असं कळलं तशी एसटीनं जाऊन मालकांना भेटले. माणूस म्हणजे त्यांच्या डोक्यात पुरुष होता. पण समोर बसून अर्ध्या तासात एका साखरपुड्याचं गाणं जोडून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "उद्यापासून या, ताई."

ते वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात कुणी राक्षस नाही. सगळी माणसं चहा विचारणारी, ताई म्हणणारी, राखी बांधून घेणारी. मला त्याचाच जास्त राग येतो.

घरच्यांना लग्नाची दोन-अडीच तासांची फिल्म मिळते. कॅमेरावाल्यानं दिवसभरात काय काय टिपलं, ते फक्त मिक्सिंग करणारा बघतो. अक्षता पडताना कॅमेरा नवरा-नवरीवर असतो, ते ठीक. पण जेवणाच्या पंगतीत वाढायला वाकलेल्या बायका आल्या की कॅमेरा थांबतो. घागर घेऊन वाकलेली करवली आली की थांबतो. एखादी बाई लेकराला पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसली की हळूच झूम होतो. ब्लाउजची पाठ, कंबर, पोट. चेहरा कितीदा तरी फ्रेमच्या बाहेरच. पहिल्या वर्षी मी हे सगळं कापून टाकायची आणि कुणाला काही बोलायची नाही. आपल्यालाच लाज वाटायची, जणू मीच डोकावून बघितलंय.

दुसऱ्या वर्षी मालक म्हणाले, "ताई, लेडीजचे शॉट लईच कापता तुम्ही. थोडं राहू द्या. फिल्म बघायला पब्लिकला मजा आली पाहिजे."

मी थोडं राहू दिलं. मग थोड्याचं जास्त झालं. माणसाला सवय होते, आणि सवय झाली की त्याला काम म्हणतात. पुढं मालकांनी मोबाइलवर बघायचं एक चॅनल काढलं. वरातीतल्या नाचाचे छोटे छोटे तुकडे त्यावर जायचे. कुठला तुकडा चालेल हे मला न बघताही कळायला लागलं होतं.

आमच्याकडे एक जुना कॅमेरामन होता. पन्नाशीचा, शांत, कामात पक्का. दिवाळीच्या आसपास शेतातली सीताफळं आणायचा आणि सगळ्यात मोठी माझ्या टेबलावर ठेवायचा. त्याला दोन मुली. त्याच्या कॅमेऱ्याच्या कार्डातले शॉट सगळ्यात स्थिर असत, हात जराही हलत नसे. नळदुर्गजवळच्या एका गावातलं लग्न त्यानंच शूट केलं होतं. नवऱ्याची धाकटी बहीण वरातीत नाचत होती. पिवळा ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, घामानं केस कपाळाला चिकटलेले. बेभान नाचत होती पोरगी, जणू सगळा रस्ता तिच्या बापाचा. अकरा सेकंदांचा तुकडा होता. तो मी तीस टक्के वेगावर आणला. वरचं-खालचं कापून मधलं तेवढं मोठं केलं. डीजेचा आवाज काढून दुसरं गाणं टाकलं. वर अक्षरं टाइप केली, "गावरान पोरीचा कडक डान्स". शब्द मालकांचे, टाइप मी केलं. अकरा सेकंदांचे छत्तीस-सदतीस झाले.

दीड महिन्यानं ती पोरगी तिच्या आईला घेऊन स्टुडिओत आली. चैत्रातली दुपार होती. दोघी नळदुर्गहून एसटीनं उभ्यानं आल्या होत्या. मालकांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी कसल्या तरी फोटोसाठी खाली आले होते, काउंटरशी उभी होते.

आई म्हणाली, "साहेब, ही माझी लेक. पोलीस भरतीची तयारी करती. तुमच्या त्या व्हिडिओपायी हिचं मैदान बंद झालंय."

"मावशी, त्यात वाईट काय आहे सांगा," मालक म्हणाले. "कपडे अंगभर आहेत. लग्न तुमच्या घरचं, नाचली तुमची पोरगी. आम्ही का नाच म्हणालो?"

"नाचली की. भावाचं लगीन हाय, नाचंल न्हाय तर काय करंल. पर ती अशी नाचत नव्हती. म्या तितंच हुते." बाईनं पिशवीतून फोन काढला, काच तडकलेला, आणि तो चालू करून मालकांच्या समोर धरला. "हे बगा. हे हळू कुणी केलं?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मुद्दाम नाही, सहज मान वळली असेल. पण बाईनं त्यांची नजर धरली आणि तीही माझ्याकडे बघायला लागली.

"मी केलं, मावशी," मी म्हणाले.

"तू." तिनं फोन खाली घेतला. "तुला हिचं नाव म्हाईत हुतं का?"

"न्हाय."

"मग बरं जमलं तुला."

ती चिडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती चिडली नव्हती. एवढ्या उन्हात येऊन तिला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं, आणि तिला उत्तर मिळालं होतं. मग पोरगी बोलली. तोपर्यंत ती खाली मान घालून बसली होती. म्हणाली, "ताई, मी शाळेच्या मैदानावर सकाळी पळते. तिथं पोरं असतात. मी पळायला लागले की ती पोरं माझ्यापुढं हळूहळू पळतात. हात पाय असे पाण्यात असल्यासारखे हलवीत. व्हिडिओत आहे तसं. अन् मोबाइलवर ते गाणं लावतात. मी दोन आठवडे तरी गेले. मग नाही गेले."

मालक म्हणाले, बघतो, करतो. त्या गेल्यावर मला म्हणाले, "आत्ता काढला तर चॅनल खाली येतं, ताई. थोडे दिवस जाऊ द्या." मी वर गेले आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी गेले आणि चालूच केला नाही. तीन लग्नं अडकली होती, घरच्यांचे फोन येत होते. पाचव्या दिवशी मालकांनी व्हिडिओ काढला. पण तोवर तो पंधरा ठिकाणी गेला होता. कुणी त्यावर स्वतःचं नाव टाकलं होतं, कुणी आणखी हळू केला होता. आम्ही आमच्या घरातला दिवा विझवला, आणि आग गावभर लागलेली होती.

मग मला एक गोष्ट सुचली, सुचली म्हणण्यापेक्षा ऐकू आली. कॅमेऱ्याला स्वतःचा माईक असतो. शूटिंग करताना कॅमेरावाला जे काही बोलतो ते सगळं त्यात उतरतं. मिक्सिंगमध्ये आम्ही तो आवाज पहिल्याच झटक्यात शून्यावर आणतो आणि वर गाणं टाकतो. नऊ वर्षांत मी तो आवाज कधी नीट ऐकला नव्हता. त्या पिवळ्या ड्रेसच्या मूळ तुकड्याचा आवाज मी हेडफोन लावून ऐकला. जुना कॅमेरामन शांतपणे लाईट धरणाऱ्याला सांगत होता, "जरा खाली मार. खाली. हां, तितंच थांब." मागं कुणीतरी हसत होतं.

मग मी एकामागून एक तुकडे ऐकत गेले. "ती निळी साडी सोडू नको." "वाकंल आता, थांब." "पदर पडतोय बघ." "म्हातारी मधी आली, बाजूला सरक म्हण तिला." सहा कॅमेरावाल्यांचे आवाज मी ओळखत होते. सगळे माझ्या टेबलाशी चहा घेऊन जाणारे. आवाजात कसलाही चोरटेपणा नव्हता. भाजी निवडावी तसे बोलत होते.

मी टाकाऊ शॉट हार्ड डिस्कवरून काढून घरी नेले. चोरी म्हणायची तर म्हणा. कागदावर ती चोरीच होती. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही, आजही वाटत नाही.

रविवारी आणि सुट्टीच्या दुपारी मी भाड्याच्या खोलीत बसून जुन्या लॅपटॉपवर ते काम केलं. प्रत्येक शॉटमधून मी बाईला काढून टाकलं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. एकेका चित्रावर बाईच्या आकाराभोवती रेघ काढायची आणि आतलं सगळं पांढरं करायचं. केस, बांगड्या, पदर, सगळं. बाकी मांडव, पत्रावळी, ताडपत्री, मागची माणसं जशीच्या तशी. म्हणजे बघणाऱ्याला एक पांढरी जागा दिसणार, आणि त्या पांढऱ्या जागेभोवती कॅमेरा कसा फिरतो, कुठं थांबतो, कुठं खाली सरकतो ते दिसणार. आणि आवाज कॅमेरावाल्यांचा. गाणं नाही. चार महिने लागले. पाठ गेली, डोळ्यांत पाणी यायचं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बायकांवर काहीतरी पांघरूण घालत होते, असं मला वाटायचं.

नऊ मिनिटं झाली. पुढं काय, ते मला कितीतरी महिने कळेना. एका रविवारी नळदुर्गला गेले, तिथून शेअर जीपनं त्या पोरीच्या गावी. तिची आई ज्वारीच्या खळ्यावरून आली, मला बघून थबकली, आणि मग चहा ठेवायला आत गेली. मी पोरीला फोनवर ते दाखवलं. तिनं पूर्ण बघितलं. स्वतःचा पांढरा आकार आला तेव्हा ओळखला तिनं. नाचण्याची लय तीच होती.

"ह्यात मी न्हाय," ती म्हणाली.

"कुणीच नाही."

"मला ह्यात घ्या," ती म्हणाली. "पळताना घ्या. पण हळू करू नका. अन् कुठं कापू नका."

रात्री मी त्यांच्याकडेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर मोबाइल स्टँडला लावला. तिची आई सोबत आली आणि भिंतीच्या कडेला उभी राहिली. चार फेऱ्या म्हणजे आठशे मीटर, भरतीत मुलींना एवढं लांब पळावं लागतं. ती पळाली. तिसऱ्या फेरीत थुंकली, पँट वर ओढली, दात आवळले. चौथ्या फेरीत तिचा चेहरा काही बघण्यासारखा राहिला नाही, तोंड वाकडं झालं होतं, नाकातून पाणी येत होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोन-तीन पोरं होती. एकानं हात पाण्यात असल्यासारखे हलवायला सुरुवात केली. पोरीची आई जागची हलली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो थांबला. फोनमध्ये तेही आलं. मी काहीच कापलं नाही.

तोवर मला हे कुठं दाखवायचं हेही माहीत नव्हतं. आमच्या शहरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांच्या भाचीच्या लग्नाचं मिक्सिंग माझ्याकडे होतं. मालक नसताना एके दुपारी मी स्टुडिओतच तो पळण्याचा तुकडा जोडत होते. त्या बदल सांगायला वर आल्या आणि माझ्या स्क्रीनवर तो पांढरा आकार बघून उभ्याच राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, याला व्हिडिओ आर्ट म्हणतात."

मला हसू आलं. मी म्हणाले, "मॅडम, हे मिक्सिंगच आहे. फक्त उलटं."

त्यांनी मला घरी बोलावलं आणि लॅपटॉपवर कितीतरी बायकांची कामं दाखवली. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांनी, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या बायकांनीही, कॅमेरा हातात घेऊन हेच विचारलं होतं, आमच्याकडे असं का बघता म्हणून. काही मला समजलं नाही, काही फार आवडलं. एवढं खरं की त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जरा हलके पडत होते.

मॅडमनी कॉलेजच्या महिला दिनात ते दाखवायचं ठरवलं. मी गेले तेव्हा व्हरांड्यात रांगोळ्या होत्या, हॉलमध्ये केशभूषेची आणि साडी नेसण्याची स्पर्धा नुकतीच संपली होती. पोरी रांगेनं स्टेजवरून चालत गेल्या होत्या आणि तीन पुरुष प्राध्यापकांनी त्यांना गुण दिले होते. प्राचार्यांनी भाषणात स्त्रीला देवी म्हटलं, माता म्हटलं, घराची शोभा म्हटलं. आणि कार्यक्रमाचं शूटिंग करायला आमच्याच स्टुडिओचा जुना कॅमेरामन आला होता. मला बघून त्यानं मान हलवली, मीही हलवली. मग त्याचा कॅमेरा पोरींच्या रांगेवर फिरायला लागला. तो कुठं थांबत होता हे मला मागूनही कळत होतं.

अंधार केला, पडदा लागला. पहिला पांढरा आकार आला तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणाला वाटलं प्रोजेक्टर बिघडला. मग आवाज आला, "जरा खाली मार. खाली. हां, तितंच थांब." मागच्या बाकांवरची पोरं हसली. दुसऱ्या तुकड्याला कमी हसली. तिसऱ्याला पोरींच्या बाजूनं आवाजच बंद झाले. मी कडेला उभी होते, मला पोरींचे चेहरे पडद्याच्या उजेडात दिसत होते. एकीनं नकळत ओढणी पुढं घेतली. मग तिच्या शेजारचीनं. मला ते बघून फार संताप आला, कारण चूक कुणाची आणि ओढणी कोण सावरतंय.

सातव्या मिनिटाला प्राचार्य उठले आणि दिवे लावायला सांगितलं. मॅडमना आणि मला त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं.

"हे असलं अश्लील तुम्ही मुलींसमोर लावता?" ते मॅडमना म्हणाले.

"सर, यात एकाही बाईचं अंग दिसत नाही," मी म्हणाले. "मी सगळं पुसलंय."

"दिसत नाही म्हणूनच जास्त डोळ्यांपुढं येतं."

मी म्हणाले, "सर, मूळ व्हिडिओ आजही मोबाइलवर आहे. त्यात सगळं दिसतं. आपल्या कॉलेजच्या पोरांकडे तो असणार. त्याला आजवर कुणी अश्लील म्हणालं नाही. मला आणि त्या पोरीच्या आईला सगळ्यांनी हेच सांगितलं की कपडे अंगभर आहेत."

"संस्थेचं नाव आहे, बाई. उद्या पालक विचारतील."

"पालकांनी विचारायलाच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. नोकरीची अकरा वर्षं झाली होती त्यांची, आणि त्या खोलीत त्या पहिल्यांदा असं बोलत असाव्यात.

प्राचार्यांनी बेल दाबली आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. बोलणं संपलं असा त्याचा अर्थ होता.

बाहेर गाड्यांच्या शेडखाली जुना कॅमेरामन उभा होता. बॅग खांद्याला, हेल्मेट हातात.

"ताई, तो माझा आवाज आहे," तो म्हणाला.

"व्हय दादा."

"तेवढा काढून टाका. घरी पोरी हायत माझ्या. त्यांनी ऐकला तर काय वाटंल."

मी त्याच्याकडे बघितलं. नऊ वर्षं मी याचीच सीताफळं खाल्ली होती. मी म्हणाले, "दादा, ज्या बायका तुमच्या कॅमेऱ्यात आल्या, त्यांनाही घरी पोरी हायत. त्यांना कुणी विचारलं होतं का, काढून टाकू म्हणून?"

"म्या काय हात लावला का कुणाला?" तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की आपण काही केलं नाही. मी त्याचा आवाज काढला नाही.

त्याच दुपारी मॅडमनी पोरींच्या खोलीत, जिथं त्या डबे खातात, आतून कडी लावून भिंतीवर तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. तीस-चाळीस पोरी बाकांवर, फरशीवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. या वेळी शेवटपर्यंत चालला. पळणारी पोरगी आली तेव्हा कुणीतरी फेऱ्या मोजायला लागलं. तिसऱ्या फेरीत ती थुंकली तेव्हा एकजण म्हणाली, "अगदी अशीच दमते मी." मग पोरी बोलायला लागल्या. एकीच्या गॅदरिंगच्या नाचाचा तुकडा गावच्या ग्रुपवर होता. एकीचा साखरपुडा तसल्याच तुकड्यापायी पुढं ढकलला होता. एक म्हणाली, मी कुठल्याच लग्नात नाचत नाही, बसून राहते, आई म्हणते तब्येत बरी नाही का. तासभर बोलत होत्या. एवढ्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. देवी आहे म्हटलं की विचारायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला खाली बोलावलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमचा राग मला कळतो. पण आपल्या घरातलं तुम्ही बाहेर नेलं. कस्टमरचा डेटा होता तो."

"मालक, मीही तेच म्हणतेय," मी म्हणाले. "तो त्यांचा होता."

हिशेब करून त्याच आठवड्यात मी लोहाऱ्याला परत आले. बसस्टँडमागं एक खोली घेतली आणि स्वतःचं मिक्सिंग सुरू केलं. आई पहिल्यांदा घाबरली, मग तिनंच एक दिवस विहारात बायकांच्या बैठकीत व्हिडिओ लावायला सांगितला. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही चादर टांगली. बहुतेक बायका चाळिशी-पन्नाशीच्या, मजुरीला जाणाऱ्या, दोघी-तिघी नोकरीतल्या. पंगतीतला पांढरा आकार वाकला आणि आवाज आला, "वाकंल आता, थांब." आमच्या गल्लीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी आमी वरण वाढत हुतो तवा हे असं बगत हुते व्हय?" कुणी हसलं नाही. आई माझ्या शेजारी बसली होती. लहानपणापासून प्रत्येक लग्नात ती मला सांगायची, कॅमेरा आला, नीट बस. व्हिडिओ संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं आपलंच बसायचं चुकतंय."

पुढच्या महिन्यात गल्लीत लग्न होतं. त्यात वाढायच्या बादल्या पुरुषांनी उचलल्या. बायकांनी तसं सांगून टाकलं होतं, कारण न देता. पुरुषांना वाढायचं जमत नव्हतं, वरण सांडत होतं, आणि बायका पंगतीत बसून पहिल्यांदा गरम जेवत होत्या. आमच्या गल्लीत आता तसंच चालतं.

ती पोरगी त्या वर्षीच्या भरतीत पळाली. पळण्यात चांगले गुण मिळाले, गोळाफेकीत कमी पडले. थोडक्यात राहिली. दुसरा फॉर्म भरलाय. मधल्या काळात आम्ही दोघी पोलीस स्टेशनलाही जाऊन आलो, उरलेले व्हिडिओ काढायला सांगायला. तिथल्या माणसानं अर्ज घेतला, फोन हातात घेतला, आणि तपासासाठी म्हणून ते छत्तीस सेकंद दोनदा बघितले. दुसऱ्यांदा बघताना त्यानं शेजारच्याला बोलावलं. पोरगी समोर उभी होती. तिला उद्या हीच वर्दी घालायची आहे. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "साहेब, फोन द्या माझा." त्यानं दिला. काही व्हिडिओ निघाले, काही अजून आहेत.

माझ्याकडे काम कमी येतं. कॅमेरावाले आपसांत बोलतात. जे येतं त्यात मी एक नियम केलाय. फिल्म पूर्ण करण्याआधी नवरीनं किंवा घरातल्या एखाद्या बाईनं माझ्याशेजारी बसून सगळं बघायचं, काय ठेवायचं ते सांगायचं. गेल्या महिन्यात एक नवी नवरी आली. तिनं एका हातानं चहा धरला, दुसऱ्या हातानं पडद्याकडे बोट करत एकेक सांगितलं. मावशीचा वाकलेला शॉट काढा. माझा रडतानाचा काढा, मला तेव्हा रडायचं नव्हतं, बायका रड म्हणत होत्या. मैत्रिणीबरोबर तोंडात घास घेऊन खदाखदा हसतानाचा मात्र ठेवा, पूर्ण ठेवा.

संध्याकाळी तिच्या सासऱ्यांचा फोन आला. "सुनेला कशाला बसवलं तिथं? काय काढायचं, काय ठेवायचं ते आम्ही सांगू. व्हिडिओ आमचा आहे."

"मामा, त्यात दिसतंय कोण?" मी विचारलं.

ते म्हणाले, उद्या माणूस पाठवतो, कार्ड द्या. दुसऱ्या दिवशी माणूस आला, कार्ड घेऊन गेला. काम दुसऱ्या कुणाकडे तरी गेलं असेल. तिथं कुणीतरी बसून त्या पोरीचं हसू कापलं असेल आणि रडणं हळू केलं असेल.